दातांचा पंप

माझ्या सासऱ्यांइतका पाण्याला धाकात ठेवणारा माणूस साऱ्या शिरूर तालुक्यात दुसरा झाला नाही. भीमा आणि घोड या दोन्ही नद्या त्यांच्या हाताखाली दिल्या असत्या, तर त्यांनाही त्यांनी वॉशर बसवून वेळेवर चालू-बंद केलं असतं. सुनेनं सासऱ्याचं असं कौतुक करावं हे आमच्या भागात जरा वेगळं दिसतं, पण दिसू दे. आबा (आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणायचो) रांजणगावच्या एका कारखान्यात फिटर होते, मेंटेनन्सला. त्याआधीची पंधरा-वीस वर्षं आमच्या न्हावऱ्याच्या आसपासच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करण्यात गेलेली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्याचं त्यांचं निदान एकच असे, 'प्रेशर कमी हाय.' म्हैस दूध कमी देऊ लागली, प्रेशर कमी. सरपंच ग्रामसभेत बोलताना अडखळला, प्रेशर कमी. माझा नवरा दहावीला गणितात नापास झाला तेव्हा म्हणे त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नाही, नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि सासूबाईंना म्हणाले, "पाईप चांगला हाय गं. वर टाकीतच काय न्हाई."

मला बघायला ते दौंडला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले, तेव्हा मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तर मुलगा जागेवर, मुलाची आई जागेवर, आणि मुलाचे वडील गायब. माझ्या वडिलांनी सगळीकडे शोधलं. आबा मागच्या अंगणात, कोटाच्या बाह्या वर सारून आमच्या नळाशी उकिडवे बसले होते. लग्नाला जाताना लोक खिशात अत्तराचा फाया ठेवतात, आबा पाना आणि टेफ्लॉनची टेप ठेवायचे. हात पुसत आत आले आणि म्हणाले, "गळत हुता. आता न्हाई गळायचा. पसंत हाय आमाला." माझे वडील रेल्वेतले, सगळं पक्कं करून घेणारे. त्यांनी विचारलं, "मुलगी पसंत आहे ना?" आबांनी तेव्हा कुठं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हय व्हय, तीबी."

अशा माणसाला दातांचं वेड लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. म्हणजे त्यांचे स्वतःचे दात पहिल्यापासून खणखणीत. तंबाखू नाही, पान नाही, सुपारीचं खांडही नाही. साठीला आलेला माणूस ऊस दातानं सोलून खायचा आणि सोलताना आजूबाजूला कोण बघतंय का, ते बघायचा. पण दातांची काळजी म्हणजे लिंबाची काडी, यापुढे त्यांची मजल नव्हती. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे कधीतरी कारखान्यात एक परदेशी साहेब आला, मोठं मशीन बसवून द्यायला. तो गेस्ट हाऊसला राहायचा. एका सकाळी आबांना तिकडं तातडीनं बोलावणं आलं, साहेबाचं मशीन बंद पडलंय म्हणून. आबा हत्यारांची पेटी घेऊन धावले, तर मशीन केवढं? वीतभर. एक छोटी टाकी, एक बारीक नळी, पुढं सुईसारखं तोंड. नळीला चीर गेली होती. आबांनी ती कापून परत जोडली आणि विचारलं, हे कशाचं? साहेब इतका खूश झाला की त्यानं तिथंच बेसिनवर वाकून, तोंड उघडून, दातांच्या फटीत पाण्याची धार मारून दाखवली. कालच्या चिकनचा तुकडा उडून बाहेर पडला म्हणे. आबा घरी आले ते चप्पल न काढताच स्वयंपाकघरात. "अगं, प्रेशरनं दात धुतात! काडी न्हाई, बोट न्हाई, नुसतं पानी! आपन जल्मभर लोकांचं पाईप साफ केलं आन् सगळ्यात म्हत्त्वाचा पाईप तसाच ऱ्हायला!" चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. सासूबाई चुलीपुढून एवढंच म्हणाल्या, "दात कोरून पोट भरत न्हाई. जेवायला बसा."

सासूबाईंचा आवाज असा जरा मिटल्या तोंडातून यायचा, कारण त्यांच्या तोंडात मिश्री असायची. आमच्याकडच्या बायकांना मिश्री काय ते सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटानं दाताला लावत बसायचं. म्हणायला दात घासणं, खरं तर व्यसन. सासूबाईंची डबी कमरेला असायची. उठल्यावर, न्याहारीनंतर, दुपारी, चहाआधी, झोपताना. लावली नाही तर डोकं उठायचं, कामात लक्ष लागायचं नाही, आणि मग आमची खैर नसायची. आबांनी तीस वर्षं सांगून पाहिलं. त्यांचं एकच उत्तर, "तुमचा पाना सुटंल तवा माजी मिश्री सुटंल." आबा म्हणायचे, आपलेच दात, आपलेच ओठ.

एका दिवाळीच्या आधी सासूबाईंना तिखट सोसेना. तोंडाची नुसती आग आग व्हायची. मी शिरूरला एका शाळेत लिपिक होते, रोज एसटीनं जा-ये करायची, तेव्हा मीच त्यांना तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आबाही आले. डॉक्टर तरुण होत्या, पण गोड बोलून वेळ काढणाऱ्यातल्या नव्हत्या. सासूबाईंचा खालचा ओठ उलटा करून त्यांनी आम्हाला दाखवला. जिथं मिश्री बसते, बरोबर तिथं पांढरा चट्टा, बोटाच्या पेराएवढा. त्यांनी इवलासा तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवला. आठ दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. रिपोर्ट आला, त्यात अजून वाईट काही नव्हतं. पण डॉक्टर सासूबाईंचा हात धरून म्हणाल्या, "आजी, हे शेवटचं वळण आहे. आज मिश्री सोडलीत तर हा डाग जाऊ शकतो. नाही सोडली तर कॅन्सर होऊ शकतो. तीन महिन्यांनी मी परत बघणार." येताना एसटीत, न्हावरं आल्यावर सासूबाईंनी मला खाली उतरता उतरता सांगितलं, "तुज्या म्हायेरी यातलं अक्षर कळता कामा न्हाई." त्यांना त्या डागाची भीती कमी आणि लाज जास्त वाटत होती.

दोन दिवस त्यांनी नेटानं काढले. तिसऱ्या दिवशी गोठ्यामागं बसून लावताना आबांनी त्यांना पाहिलं. ओरडले नाहीत. शेजारी बसले आणि विचारलं, "नेमकं काय व्हतं गं तुला?" सासूबाई रडत म्हणाल्या, "तोंड मोकळं ऱ्हात न्हाई वो. कायतरी लागतंच तोंडाला. बोट आपोआप जातं." आबा उठले, सायकल काढली आणि शिरूरला गेले. येताना पाठीवर कोरा करकरीत फवारणीचा पंप, कांद्यावर औषध मारतात तो, हातानं दांडा हलवायचा.

पुढचे आठ दिवस आमच्या पडवीचा कारखाना झाला. विजेवरचं मशीन का नको, तर म्हणे लोडशेडिंगच्या भरवशावर दात सोपवले तर सोमवारची तल्लफ गुरुवारी भागंल. पंपाच्या नळीला त्यांनी तांब्याची बारीक वाकडी नळी जोडली. तिच्या टोकाला माझ्या स्टोव्हच्या बर्नरचं निपल बसवलं, आणि ते कानसून, पॉलिश करून इतकं गुळगुळीत केलं की जिभेला टोचू नये. (माझा स्टोव्ह मात्र आठ दिवस मुका होता, ते कुणाच्या गावी नाही.) मध्ये प्रेशर मोजायचं घड्याळ. आता हिरडीला किती प्रेशर सोसतं ते कसं ठरवायचं? आबांनी बाजारातून दोन किलो पिकलेले टोमॅटो आणले आणि एकेक खांबाला बांधून त्यांवर धार मारली. साल फाटली की प्रेशर खाली. साल फाटली की अजून खाली. आम्ही आठवडाभर टोमॅटोचं सारच प्यायलो. शेवटी एक टोमॅटो अभंग राहिला तेव्हा त्यांनी घड्याळावर लाल रेघ मारली, स्वतःच्या तोंडात धार मारून पाहिली आणि मगच सासूबाईंना हाक दिली. पंपाला पांढरा रंग देऊन वर लिहिलं, 'दातांचा पंप. औषध भरू नये.' तरी कुणी चुकून कांद्याला नेईल, ही धास्ती होतीच. म्हणून पंप टांगला कुठं, तर देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर. तिथल्या वस्तूला हात लावायची न्हावऱ्यात कुणाची छाती नव्हती.

आणि मग सुरू झालं ते. तल्लफ आली की सासूबाई मोरीपाशी उभ्या राहायच्या, आबा पंप पाठीवर घेऊन मागं. टाकीत उकळून गार केलेलं पाणी, चिमूटभर मीठ. आबा दांडा हलवणार, सासूबाई नळी तोंडात धरून दातांच्या फटीफटीतून धार फिरवणार. पहिल्या दिवशी धार सुटली ती दातांवरून थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर. सासूबाई आधी शिव्या देत, मग हसत, मग ठसकत. पण पाच-सात मिनिटं तोंड गुंतायचं आणि तल्लफ ओसरायची, एवढं खरं. तल्लफ काही मोरी बघून येत नाही, त्यामुळे जिथं सासूबाई तिथं आबा. सासूबाई कांदा खुरपायला गेल्या की बांधावर आबा पंप घेऊन बसलेले. खुरपणाऱ्या बायका विचारायच्या, "आबा, काय फवारताय?" आबा शांतपणे सांगायचे, "हिचं दात." त्या दात काढायच्या, आबांना फरक पडायचा नाही. मला पडायचा. एसटीत कंडक्टरनं एकदा मला विचारलं, "म्याडम, तुमचे सासरे आजीबाईंवर फवारणी करतात म्हणं?" तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला. शेवटी मीच पंपासकट दोघांना डॉक्टरांकडे नेलं, म्हटलं, त्या तरी हे बंद करतील. डॉक्टर आधी पोट धरून हसल्या. मग त्यांनी धार स्वतःच्या तळहातावर घेऊन पाहिली, सासूबाईंच्या हिरड्या पाहिल्या, आणि गंभीर होऊन म्हणाल्या, "डागावर धार मारू नका. ब्रश सोडू नका. या पंपानं डाग जाणार नाही आबा, तो मिश्री सुटली तरच जाईल. पण पंपानं मिश्री सुटत असेल, तर दिवसातून दहा वेळा मारा." आबा माझ्याकडे बघून नुसते हसले.

दोन महिने मिश्री बंद राहिली. आणि मग माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, दौंडला. आता माझं चुकलं ते सांगते. मी आदल्या दिवशी आबांना म्हटलं, "आबा, पाया पडते, माझ्या माहेरी तरी तो पंप नको. लोक हसतील." आबांनी पंप परत खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "बरं बाई. तुजं म्हायेर हाय."

लग्न लागलं, पंगती उठल्या. जेवणानंतर मांडवाच्या मागच्या अंगाला बायकांची बैठक बसते आणि मिश्रीची डबी फिरते, ही आमच्याकडची रीतच. त्या दिवशी माझी आई वरमाई. तिनं खास भाजलेली मिश्री चांदीच्या डबीत आणली होती. ती सगळ्यांना सोडून पहिल्यांदा सासूबाईंपुढं आली. "घ्या विहीणबाई, तुमच्यासाठी म्हणून वेगळी भाजलीय." आईला बिचारीला काय माहीत? मला सांगायची बंदी. आणि भरल्या मांडवात विहिणीनं विहिणीच्या हातचं नाकारायचं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत नकार नव्हता, हे मला दिसलं. वास आला होता त्यांना, दोन महिन्यांनी. हात पुढं झाला. मी खांबाशी नुसती उभी. तो मेला पंप इथं असता तर, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात ती डबी लांबूनच पाहून पुरुषांच्या बाजूनं आबा आले. धावत नाही, ओरडत नाही. बायकांच्या बैठकीत सरळ येऊन सासूबाईंच्या शेजारी मांडी घालून बसले. सगळ्या बायका पदर सावरायला लागल्या. आबांनी माझ्या आईपुढं तळहात धरला. "विहीणबाई, तिच्या वाटची मला द्या." आईला थट्टाच वाटली. "अहो व्याही, तुम्ही कधी सुपारीसुद्धा खात नाही!" "आज खातो. द्या. तिच्या वाटची समदी." आईनं हसत हसत चिमूट दिली. आबांनी ती तर्जनीवर घेतली आणि साठ वर्षं ज्या दातांना तंबाखूचा वारा लागू दिला नव्हता, त्या दातांना घसाघसा लावली. वरून, खालून, मागूनसुद्धा. कुठलंही काम अर्धवट करायची त्यांना सवयच नव्हती. मांडव हसत होता. पाच मिनिटांत आबांच्या कपाळावर घाम फुटला. चेहरा पिवळा पडला. उचकी लागली. मग उठून कसेबसे आचाऱ्याच्या चुलीमागं गेले आणि लग्नाची सगळी पंगत तिथंच बाहेर काढली.

सासूबाई तिथं पोचल्या तेव्हा ते डोळे मिटून भिंतीला टेकले होते. त्यांनी पदरानं आबांचं तोंड पुसलं. "आवो कशापायी? कशापायी लावलीत?"

आबा डोळे न उघडता म्हणाले, "विहिणीचा मान मोडायचा न्हाई. आन् तुजं तोंडबी नासू द्यायचं न्हाई."

सासूबाई परत बैठकीत आल्या. सगळ्यांदेखत माझ्या आईपुढं बसल्या आणि स्वतःच्या हातानं ओठ उलटा करून तो डाग दाखवला. "हे बगा विहीणबाई. ह्येच्यापायी." ज्या गोष्टीची लाज म्हणून त्यांनी माझ्या माहेरी अक्षर कळू दिलं नव्हतं, ती त्यांनी दौंडच्या भर मांडवात पन्नास बायकांना दाखवली. माझी आई रडायलाच लागली. (तिनं स्वतः मात्र मिश्री सोडली नाही. सांगून सांगून माझी जीभ झिजली.) आणि मी, जिला लोक हसतील म्हणून पंपाची लाज वाटत होती, ती मी आबांना लिंबूपाणी पाजत बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "हे माझे सासरे." ज्यांना माहीत होतं, त्यांनासुद्धा सांगत होते.

ठरलेल्या तीन महिन्यांनी डॉक्टरांनी ओठ उलटा केला तेव्हा डाग निम्म्यानं कमी झाला होता. वर्षभरात शोधावा लागायला लागला. आबा तेव्हापासून शिरूरच्या बाजारात भेटेल त्याला थांबवून म्हणायचे, "आमच्या हिनं सोडली बरं का. तीस वर्साची. सोपं न्हाई." पंपाचा शब्द नाही, स्वतःचा तर नाहीच. पुढं पाच-सहा वर्षांनी माझ्या नवऱ्यानं पुण्याहून विजेवरचं खरं मशीन आणलं, साहेबाकडं होतं तसलं. आबांनी ते पहिल्याच दिवशी उघडून बघितलं आणि परत बसवलं. एक स्क्रू उरला, पण मशीन चालू राहिलं. "मोटार बरी हाय," एवढं सर्टिफिकेट त्यांनी दिलं. लाईट असली की सासूबाई मशीन वापरायच्या, नसली की आबा खुंटीकडे जायचे. आणि लाईट नसायचीच बहुतेक.

मग आबा गेले. आजार नाही, काही नाही; दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. गाव लोटलं. दहाव्यापर्यंत बाया सासूबाईंजवळ बसायला येत होत्या. एका संध्याकाळी नेहमीसारखी डबी फिरायला लागली. शेजारच्या थोरल्या काकूंनी मायेनंच एक चिमूट सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. "लाव गं बाई. जीव हलका व्हतो. आता कोन बगतंय तुला?"

सासूबाईंनी तळहाताकडे पाहिलं, डबी मागून घेतली, चिमूट होती तशी तिच्यात परत टाकली आणि हात पदराला पुसला.

"न्हाई वो काकू. माज्या वाटची त्येंनी लावली हुती, दौंडला. मी आता लावली तर त्येंची फुकट जाईल."

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ट्रे तिथंच उंबऱ्यावर ठेवला, खाली बसले, आणि आबा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.